जुन्या मोटारीची कॉइल कशी निवडावी

मलकापूरहून बुलढाण्यास जाणारा रस्ता मोताळा मागें टाकून राजूरचा घाट चढूं लागतो. वैशाखांतील दुपार असावी, जुन्या प्रीमियर पद्मिनींत घरचीं चार माणसें बसलेलीं असावीं, आणि निम्म्या चढावर इंजिनानें दोन-चार आचके देऊन मुकाट व्हावें, हा प्रसंग जुनी मोटार बाळगणाऱ्या कुटुंबास अपरिचित नाहीं. अर्धा-पाऊण तास सावलींत थांबल्यावर गाडी पुन्हां सुरळीत चालूं लागते. घरीं पोंचतांच कोणी तरी सांगतो, "कॉइल गेली; आतां चांगली जोराची आणून बसवा." या सल्ल्याचा पहिला भाग पुष्कळदां खरा ठरतो, दुसरा भाग मात्र गाडीस बाधण्याचा संभव असतो.

अँबॅसडर मोटारीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. पद्मिनीचें त्यापूर्वींच थांबलें होतें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीनें २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. अशा गाडीसाठीं दुकानांत जो सुटा भाग मिळेल तो तिला मानवेल कीं नाहीं, हें ठरविण्याची जबाबदारी आतां मालकावरच येऊन पडते. म्हणून कॉइल काय करते हें त्यानें थोडक्यांत तरी समजून घेतलें पाहिजे.

कॉइलच्या पोटांत लोखंडी गाभ्याभोंवतीं तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. एकांत जाड तारेचे कांहींशे वेढे, तर दुसऱ्यांत केसासारख्या बारीक तारेचे कित्येक हजार वेढे. बॅटरीचा प्रवाह जाड तारेंतून वाहूं लागला म्हणजे गाभ्यांत चुंबकत्व उत्पन्न होतें. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडतांच प्रवाह एकाएकीं तुटतो, चुंबकत्व ओसरतें, आणि बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होऊन प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. बदलत्या चुंबकत्वापासून वीज उत्पन्न होते हें मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर ही ठिणगी उडते. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर कॉइलला दर सेकंदास शंभर ठिणग्या द्याव्या लागतात.

घाटांत तिची परीक्षा होते ती उष्णतेमुळें. तांबें तापलें कीं त्याचा विरोध वाढतो. वीस अंश उष्णमानास तीन ओहम विरोध असलेली तार ऐंशीं अंशांवर सुमारें ३.७ ओहम विरोध करूं लागते. म्हणजे बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चार अँपियरांऐवजीं जेमतेम सव्वातीन अँपियर प्रवाह वाहतो आणि ठिणगी दुबळी होते. निरोगी कॉइल एवढें सहन करते. परंतु आंतील तारेवरचें आवरण जीर्ण झालें असेल, तर तापतांच वेढे एकमेकांस जोडले जातात आणि ठिणगी नाहींशी होते. निवल्यावर ती परत येते.

तथापि नवी कॉइल घेण्यापूर्वीं दोष तिचाच आहे याची खात्री करावी. गाडी तापून बंद पडली असतां प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीनें धरून तिचें टोंक इंजिनाच्या धातूपासून चार-पांच मिलिमीटरांवर न्यावें आणि दुसऱ्यानें स्टार्टर फिरवावा. जवळपास पेट्रोल सांडलेलें नसावें. निळसर, कडकडीत ठिणगी उडाली तर कॉइल निर्दोष. पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला असेल. ठिणगी पिवळट किंवा मुळींच नसेल तर प्रथम पॉइंट व कंडेन्सर तपासावे, कारण कंडेन्सर बिघडला तरी हींच लक्षणें दिसतात. तो स्वस्त असतो. आधीं तो बदलून पाहणें शहाणपणाचें.

दोष कॉइलचाच ठरला, तर निवडीच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, व्होल्ट. पद्मिनी बारा व्होल्टांची आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीप सहा व्होल्टांची होती. दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची, जाड तारेचा विरोध. कांहीं गाड्यांत कॉइलच्या वाटेवर बॅलास्ट नांवाचा वेगळा रोध असतो आणि कॉइल सुमारें दीड ओहमांची असते. ज्यांत तो नसतो त्यांत ती सुमारें तीन ओहमांची असते. जोराची म्हणून दीड ओहमांची कॉइल बॅलास्टविना बसविली, तर पॉइंट मिटलेले असतांना चाराऐवजीं आठ अँपियर प्रवाह वाहतो. पॉइंट जळतात, कॉइल भाजते, आणि पुढच्या घाटांत गाडी पुन्हां उभी राहते. आपली गाडी कोणत्या जातीची हें ओळखण्यासाठीं किल्ली चालू करून व पॉइंट मिटलेले ठेवून कॉइलच्या किल्लीकडील टोंकाशीं दाब मोजावा. तो बॅटरीइतकाच भरला तर बॅलास्ट नाहीं. सहा-आठ व्होल्टच भरला तर तो आहे. हें माप झटपट घ्यावें, कारण इंजिन बंद असतांना किल्ली चालू राहिली तर चांगली कॉइलही जळते.

तिसरी कसोटी जोडणीची. बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असेल, तर कॉइलचें धन टोंक किल्लीकडे व ऋण टोंक डिस्ट्रिब्यूटरकडे जावें. धन टोंक सांगाड्यास जोडलेल्या जुन्या गाड्यांत याच्या उलट. उलटी जोडणी झाली तरी गाडी चालते, परंतु ठिणगीस अधिक दाब लागतो, आणि ही उणीव चढावरच उघडी पडते. कॉइलचा पट्टा घट्ट आंवळावा, व तिला इंजिनाच्या तापल्या भागांपासून शक्य तितकें दूर ठेवावें.

मलकापुरास किंवा खामगांवास दुकानांत जातांना व्होल्ट, विरोध आणि जोडणी या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्या, आणि नवी कॉइल तेथेंच मीटर लावून मोजून घ्यावी. डब्यावरील मोठाल्या अक्षरांस भुलूं नये. गाडीस साजेल तेवढाच प्रवाह घेणारी कॉइल असली, म्हणजे वैशाखाच्या दुपारींही घरचीं माणसें घाटमाथ्यावर सुखरूप पोंचतात.