आयर्लंडमधील निवासनगरे : बालब्रिगनच्या संदर्भात नागरी सुविधांचा विचार

नोकरी महानगरात आणि घर दूरच्या गावात, अशी नित्य ये-जा करणाऱ्यांच्या वस्तीला मराठीत रूढ संज्ञा नाही. म्हणून येथे ‘निवासनगर’ हा शब्द योजिला आहे. डब्लिनच्या उत्तरेस सुमारे ३५ कि.मी. अंतरावर, समुद्रकाठी वसलेले बालब्रिगन हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मूलतः हे मोज्यांच्या उद्योगासाठी ख्यातनाम असलेले छोटे गाव. १८४४ पासून लोहमार्ग होताच. १९९८ मध्ये गावाबाहेरून जाणारा मोटरवे खुला झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून २००७ पर्यंतच्या आर्थिक भरभराटीत डब्लिनमधील घरे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली आणि तरुण कुटुंबे, त्यांत अनेक स्थलांतरित, येथे स्थिरावली. २००२ मध्ये सुमारे १० हजार असलेली लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत २४ हजारांवर गेली. २०१६ च्या जनगणनेनुसार ३०.८ वर्षे सरासरी वय असलेले हे देशातील सर्वांत तरुण शहर ठरले.

तरुण शहर म्हणजे मुलांचे शहर; आणि नेमके येथेच नियोजन उघडे पडले. घरे खाजगी विकासकांनी झपाट्याने उभारली, शाळा मात्र त्या गतीने आल्या नाहीत. आयर्लंडमध्ये शाळेचा खर्च मुख्यतः शासन करते, परंतु बहुसंख्य प्राथमिक शाळांचे पालकत्व कॅथलिक चर्चकडे आहे. जागा अपुऱ्या पडल्यास बाप्तिस्मा झालेल्या मुलांना अग्रक्रम देण्याची कायद्याने मुभा होती. परिणामी २००७ मध्ये प्रवेशाविना राहिलेल्या मुलांसाठी ‘एज्युकेट टुगेदर’ या सर्वधर्मीय संस्थेमार्फत तातडीने शाळा काढावी लागली आणि तिच्यातील जवळजवळ सर्व मुले स्थलांतरित कुटुंबांतील निघाली. वर्णभेदाचा हेतू कोणाचाही नसेल. तथापि वर्गखोल्यांची टंचाई आणि प्रवेशाचा नियम यांच्या संयोगातून वर्णाधारित विभागणी प्रत्यक्षात घडली. कॅथलिक प्राथमिक शाळांपुरता हा अग्रक्रम २०१८ च्या कायद्याने रद्द झाला.

याउलट, डब्लिनच्या पश्चिमेकडील ॲडम्सटाउनच्या २००३ च्या आराखड्यात ठरावीक सुविधा पूर्ण झाल्याविना घरांचा पुढील टप्पा नाही, अशी अट होती. त्यामुळे तेथील रेल्वे स्थानक २००७ मध्येच सुरू झाले. परंतु २००८ च्या मंदीत घरबांधणीच थंडावली आणि घरांशी जखडलेल्या सुविधाही अडल्या. नियोजित मध्यवर्ती बाजारपेठ तर अनेक वर्षे रखडली.