कळंबच्या नकाशावर नजर कुणाची?
कळंबला नगरपंचायत आहे. मुंबईसारखी १९९५ पासूनची वारसा समिती नाही. त्यामुळे पुनर्विकास तपासण्याची वाट १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातूनच जाते: प्रारूप विकास योजनेवर ३० दिवसांत लेखी हरकत, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. या समितीत लोकप्रतिनिधींसोबत नगररचनेचे जाणकारही बसतात. एवढ्याशा गावाला हा खटाटोप कशाला, कामे रखडतील, असे कुणी म्हणेल. पण मुदत कायद्यानेच बांधलेली आहे. शिवाय गावातले चिंतामणीचे देऊळ पायऱ्या उतरून जावे इतके खोल, आत पाण्याचे कुंड. भोवतालचा रस्ता हातभर उंचावला तर पावसाचे पाणी कुठे वळेल, हे नकाशा काढणाऱ्याआधी शेजाऱ्यांना कळते. तेव्हा हरकत लेखी द्या, पोच घ्या.