बँटम कोंबड्या : नर-मादीची ओळख व कळपातील नरांचे प्रमाण

पाळीव कोंबडीच्या (गॅलस गॅलस डोमेस्टिकस) बुटक्या प्रकारांना बँटम म्हणतात. जावा बेटाच्या पश्चिम भागातील बांतेन या बंदरावरून हे नाव पडले. तेथे शिधा भरून घेणाऱ्या यूरोपीय खलाशांनी स्थानिक लहान कोंबड्या जहाजांवर घेतल्या आणि पुढे कोणत्याही बुटक्या कोंबडीस बँटम म्हणण्याचा प्रघात पडला. सेब्राइट, रोजकोम, चाबो (जपानी बँटम) इ. जातींना मोठ्या आकाराची जोड नाही. त्यांना खरे बँटम मानतात. याउलट प्लिमथ रॉक, ससेक्स यांसारख्या मोठ्या जातींपासून निवड पद्धतीने बुटकी रूपे तयार केलेली आहेत व त्यांचे वजन मूळ जातीच्या सु. एक-चतुर्थांश ते एक-पंचमांश असते. सेब्राइट नर जेमतेम ६२० ग्रॅ. भरतो.

थोड्या जागेत राहणे, शोभिवंत पिसारा व माद्यांची खुडूक होण्याची प्रवृत्ती यांमुळे ब्रिटन, अमेरिका इ. देशांत घरगुती कळपांत मोठ्या कोंबड्यांबरोबर बँटम ठेवण्याची हौस पुष्कळ आहे. अशा कळपातील बहुतेक अडचणींचे मूळ एका साध्या हिशेबात सापडते. अंड्यांतून नर व मादी पिल्ले जवळजवळ सारख्या संख्येने बाहेर पडतात, कळपाला मात्र आठ-दहा माद्यांमागे एकच नर पुरतो. वीस पिल्ले उबविली, तर सु. दहा नर निघतील व त्यांतील नऊ अतिरिक्त ठरतील. त्यांची सोय कशी करावयाची हे अंडी उबवत ठेवण्यापूर्वीच ठरविणे इष्ट असते.

पक्ष्यांत लिंग मादीकडून ठरते. मादीत गुणसूत्रांची (आनुवंशिक लक्षणे एका पिढीतून पुढील पिढीत नेणाऱ्या सूक्ष्म घटकांची) झेड-डब्ल्यू अशी, तर नरात झेड-झेड अशी जोडी असते. लिंग कवच तयार होण्यापूर्वीच ठरलेले असल्यामुळे टोकदार अंड्यातून नर निघतो, यासारख्या समजुतींना आधार नाही. एक दिवसाच्या पिल्लाच्या अवस्करातील (मल, मूत्र व जनन यांच्या समाईक मार्गातील) सूक्ष्म उंचवटा पाहून लिंग ओळखण्याची पद्धती कियोशी मासुई, जूरो हाशिमोतो इ. जपानी संशोधकांनी १९२० नंतरच्या दशकात विकसित केली. तिला दीर्घ सराव लागतो. बँटम पिल्लू फारच लहान असल्याने त्याला इजा होण्याचा धोका अधिक असतो व म्हणून अनेक उबवणी केंद्रे बँटम पिल्ले लिंगनिदान न करताच विकतात. पट्टेदार जातींत पट्ट्यांचा जीन (आनुवंशिक घटक) झेड गुणसूत्रावर असतो; नरात तो दुहेरी मात्रेत असल्यामुळे डोक्यावरील फिकट ठिपका मोठा व पसरट असतो आणि पुढे पिसाराही अधिक फिकट होतो.

इतर पिल्लांच्या बाबतीत वाट पाहणे भाग पडते. एकेरी तुऱ्याच्या जातींत चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नराचा तुरा व चोचीखालचे कल्ले वाढून लालसर होऊ लागतात, तर मादीत ते लहान व फिकट राहतात. नराचे पाय जाड असतात व खांद्यांवरील पिसे पुष्कळदा उशिरा भरतात. सर्वांत विश्वसनीय लक्षण आठव्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास दिसते : शेपटीच्या बुडाजवळ पाठीवर नरास अरुंद, टोकदार व चकचकीत पिसे येतात, मादीची तेथील पिसे गोलसर टोकांची असतात. धीट स्वभाव किंवा ताठ उभे राहणे यांवरून काढलेले अनुमान बरेचदा फसते. आरवणेही पूर्णपणे निर्णायक नव्हे, कारण नर नसलेल्या कळपात एखादी वरचढ मादी आरवल्याची उदाहरणे आहेत.

सेब्राइट जातीत पिसांची ही कसोटी मुळीच लागू पडत नाही, कारण तिचा नर मादीसारखाच पिसारा धारण करतो. एका प्रभावी जीनमुळे त्याच्या त्वचेतही ॲरोमाटेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडविणारे प्रथिन) तयार होते व ते नर-हॉर्मोनाचे स्त्री-हॉर्मोनात रूपांतर करते. टी. एच. मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या पिसाऱ्याचा प्रायोगिक अभ्यास केला होता. येथे तुरा व आरवणे यांवरच विसंबावे लागते. सिल्की जातीत पिसे रेशमी व सुटी असल्याने अनुभवी पालकही चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने सांगत नाहीत. शेवटी अंडे किंवा आरव हाच पुरावा ठरतो.

कोंबड्यांच्या कळपात टोचण्यावरून ठरणारी श्रेणी असते. नॉर्वेचे शेल्देरप-एब्बे यांनी १९२२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नरांत पहाटे प्रथम आरवण्याचा मानही श्रेष्ठ नराचाच असतो, असे जपानमधील प्रयोगांत (२०१५) आढळले. नर जास्त झाले म्हणजे श्रेष्ठ नर इतरांस हुसकावतो, कनिष्ठ नर संधी साधून माद्यांवर झडप घालतात आणि त्याच त्या माद्यांची पाठ व मानेमागचा भाग उघडा पडतो. फलनासाठी इतक्या नरांची गरजही नसते, कारण मादीच्या अंडवाहिनीतील सूक्ष्म ग्रंथींत शुक्राणू साठून राहतात व एका समागमानंतर दोन आठवड्यांपर्यंतही सफल अंडी मिळू शकतात. आठ ते दहा माद्यांस एक नर हे प्रमाण सर्वसाधारण असून हलक्या जातींत एखाद-दुसरी मादी अधिक चालते. दोन नर ठेवावयाचे असल्यास ते बरोबर वाढलेले असावेत. मोकळी जागा, आडोसे व दोन ठिकाणी दाणा-पाणी असावे.

मिश्र कळपात आकाराचा प्रश्न संख्येहून गंभीर असतो. तीन-चार किग्रॅ. वजनाचा नर सहाशे ग्रॅ.च्या मादीवर चढल्यास तिची बरगडीजवळची त्वचा नखांनी फाटते. ही जखम पंखाखाली झाकलेली राहते व बहुधा उशिरा लक्षात येते. म्हणून बँटम माद्यांबरोबर बँटम नरच ठेवणे सुरक्षित होय. बँटम नरापासून मोठ्या माद्यांना अशी इजा सहसा होत नाही, मात्र फलनाचे प्रमाण कमी राहते. नराच्या पायाची आर (टोकदार काटा) बोथट करणे व माद्यांच्या पाठीवर कापडी खोगीर बांधणे हे तात्पुरते उपाय आहेत. वाढती पिल्ले मोठ्यांत सोडताना प्रथम काही दिवस जाळीच्या आडून एकमेकांस दिसू द्यावीत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातील ३·५ ते ४ टक्के कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांस अपायकारक असते व नरांनाही त्याची गरज नसते; त्यामुळे सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवतात.

अतिरिक्त नरांसाठी तीन मार्ग उरतात : मांसासाठी उपयोग, ज्याच्याकडे नर नाही अशा पालकास देणे, किंवा माद्यांपासून दूर निव्वळ नरांचा कळप करणे. बरोबर वाढलेले नर माद्या दृष्टीआड असतील तर बरेचदा सलोख्याने राहतात. व्यापारी अंडी-उत्पादनात नर पिल्ले जन्मतःच मारण्याची प्रथा जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून बंद केली व त्यासाठी अंड्यातच लिंग ओळखणारी यंत्रे वापरात आली. ही यंत्रे मोठ्या उबवणी केंद्रांसाठी आहेत; हौशी बँटम पालकास तुरा व पाठीवरील पिसे यांची वाट पाहावी लागते आणि नर वेगळे काढण्याचे काम ते आरवू लागताच, एकमेकांशी झुंजण्यापूर्वी, उरकावे लागते.