वैद्याची काळजी कोणीं वाहावी ?

आमच्या कोणत्याहि वर्गांत जाऊन "पुढें कोण होणार ?" असें विचारलें, तर "डॉक्टर" असें सांगणारे हात पुष्कळ वर होतात, आणि घरीं आईबापांच्या मनांतहि बहुधा तीच इच्छा असते. इच्छा उत्तम आहे. परंतु जो दुसऱ्यांच्या दुखण्याचा भार वाहतो, त्याच्या स्वतःच्या मनाची स्थिति कशी असते, हा विचार आपण क्वचितच करतों. तोच विषय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

मोठ्या उमेदीनें इस्पितळांत आलेल्या तरुण डॉक्टराचें मन कित्येकदां हळूहळू विझत जातें. ह्या अवस्थेस इंग्रजींत 'बर्नआउट' म्हणतात. ती मोजण्याची प्रश्नावली अमेरिकेंतील क्रिस्टिना मॅस्लॅक व सुझन जॅक्सन ह्या विदुषींनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्यांत तीन लक्षणें धरलीं आहेत. पहिलें, मन पार रितें होणें. दुसरें, रोग्याविषयीं कठोरपणा येणें, म्हणजे खाटेवरचा मनुष्य नाहींसा होऊन केवळ खाटेचा नंबर दिसूं लागणें. आणि तिसरें, आपल्या हातून कांहींच चांगलें होत नाहीं असें वाटणें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें स्पष्ट केलें कीं, हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणीं दीर्घकाळ राहिलेल्या व नीट न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम होय. म्हणून असा डॉक्टर दुबळ्या मनाचा आहे, असें म्हणणें अन्यायाचें आहे.

ह्याचें एक मोठें कारण जागरण. १९८४ सालीं न्यूयॉर्कमधील एका इस्पितळांत दाखल झालेली अठरा वर्षांची मुलगी थोड्याच तासांत मरण पावली. तिच्यावर उपचार करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांच्या दीर्घ पाळ्यांची त्यानंतर मोठी चर्चा झाली. आणि १९८९ पासून त्या राज्यांत आठवड्यास ८० तासांची मर्यादा आली. २००३ मध्यें ती सर्व अमेरिकेंत लागू झाली. आपल्या देशांत १९९२ च्या केंद्र सरकारच्या आदेशांत निवासी डॉक्टरांस सामान्यतः आठवड्यास ४८ तास, व सलग १२ तासांहून अधिक नाहीं, इतकेंच काम असावें असें म्हटलें होतें. २०२४ मध्यें राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलानें ७४ तासांची मर्यादा व आठवड्यास एक सुटी सुचविली. बत्तीस वर्षांनंतर ४८ च्या जागीं ७४ तासच मागावे लागतात, ह्यावरून प्रत्यक्ष स्थिति ध्यानांत येईल.

तथापि केवळ तास मोजून समाधान मोजतां येत नाहीं. वडील डॉक्टरांचा आधार, सोबत्यांचें सहकार्य, आपल्या म्हणण्यास मिळणारा मान, आणि बरा होऊन घरीं जाणारा रोगी, ह्यांनीं श्रम हलके होतात. उलट कागद भरण्याचा व्याप, अपुरीं साधनें, वरिष्ठांचा अपमानकारक शब्द व नातलगांचा क्रोध ह्यांनीं ते दुप्पट जड होतात. डॉक्टरांवर हात उगारला जाऊं नये म्हणून महाराष्ट्रास २०१० सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, ही आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

मग उपाय काय ? बॉस्टन येथें १९९७ मध्यें शुश्रूषा करणाऱ्यांच्या सभांची एक प्रथा सुरू झाली. तींत डॉक्टर व परिचारिका एकत्र बसून रोगाची नव्हे, तर रोग्यास सांभाळतांना स्वतःच्या मनास काय वाटलें त्याची चर्चा करतात. जगांतील वैद्यांची 'जिनिव्हा प्रतिज्ञा' १९४८ ची. तींत २०१७ सालीं, उत्तम सेवा करतां यावी म्हणून वैद्यानें स्वतःच्याहि आरोग्याकडे लक्ष द्यावें, असें कलम घातलें गेलें. समईंत तेल घातल्यावांचून ती उजेड देत नाहीं, हें आमच्या आजीबाईंस ठाऊक होतें. विद्वानांस तें प्रतिज्ञेंत लिहावयास जवळजवळ सत्तर वर्षें लागलीं!

विद्यार्थिमित्रहो, ह्या मार्गास जावयाचें असेल तर अवश्य जा. परंतु वेळेवर निजणें, सोबत्याजवळ मन मोकळें करणें व अडचणींत मदत मागणें, ह्या संवयी आजपासूनच लावून घ्या. मदत मागण्यांत कमीपणा नाहीं. पालकांसहि आमची विनंति आहे. मुलाचे गुण विचारतां, तसेंच "तुला झोंप लागते ना ? तूं सुखी आहेस ना ?" हेंहि विचारीत जा. आणि इस्पितळांत आपलें माणूस असतां, रात्रभर उभ्या असलेल्या त्या तरुण डॉक्टराशीं दोन शब्द गोड बोला. तो कोणाचा तरी मुलगा आहे, ती कोणाची तरी मुलगी आहे. कदाचित् उद्यां तेथें आपलेंच मूल उभें असेल.