विषाणू किती वेगाने वाढतो? आधी विचारा, कोणत्या पेशीत!

महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ला सापडला, आपल्या कल्याण-डोंबिवलीत. त्यानंतर दोनेक आठवड्यांत दोन वाक्यं मोबाइलवर फिरायला लागली. एक, 'ओमायक्रॉन डेल्टापेक्षा ७० पट वेगाने वाढतो.' दुसरं, 'ओमायक्रॉन फुप्फुसात नीट वाढत नाही, म्हणजे सौम्य आहे.' इकडे घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर पहिलं वाचून लोक घाबरले आणि दुसरं वाचून निवांत झाले. गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं एकाच प्रयोगातून आली होती. मग खरं काय? त्यासाठी 'विषाणू वाढतो' म्हणजे नेमकं काय मोजतात, ते आधी पाहू.

विषाणू स्वतःच्या जिवावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. म्हणून प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत पेशींचा एक थर वाढवतात. वर गुलाबी पोषकद्रव, तापमान ३७ अंश. मग प्रत्येक व्हेरियंटचा सारखाच डोस देतात, उदाहरणार्थ दर १०० पेशींमागे एक विषाणू. २४, ४८, ७२ तासांनी वरचं द्रव काढून त्यात संसर्ग करू शकणारे विषाणू किती आहेत ते मोजतात. हे द्रव पातळ करून ताज्या पेशींवर टाकतात आणि वर घट्टसर जेलचा थर देतात, म्हणजे विषाणू लांब पसरत नाही. काही दिवसांनी पेशी जांभळ्या रंगाने रंगवल्या की मेलेल्या पेशींच्या जागी पांढरे ठिपके दिसतात. ठिपके मोजा, मूळ द्रवातले विषाणू किती त्याचा हिशेब लागतो. या सगळ्यासाठी बीएसएल-३ दर्जाची बंदिस्त प्रयोगशाळा लागते.

पेशी कोणाच्या?

इथे खरी मेख आहे. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या व्हेरो पेशी माणसाच्या नाहीतच. १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या तयार केल्या गेल्या. विषाणू आला की आपल्या पेशी इंटरफेरॉन सोडून शेजाऱ्यांना सावध करतात. व्हेरो पेशींना ते जमत नाही, म्हणून त्यांच्यात बरेच विषाणू मजेत वाढतात. मार्च २०२०मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने रुग्णांच्या नमुन्यांतून कोरोनाविषाणू वेगळा केला तो व्हेरो पेशींतच. पुढे कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणूही व्हेरोतच वाढवला गेला.

आता पेशीत शिरण्याचं बघा. विषाणू आपल्या काटा-प्रथिनाने पेशीवरच्या एसीई२ला चिकटतो. तिथून आत जायला दोन रस्ते आहेत. पहिला थेट: पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएमपीआरएसएस२ नावाचं विकर काटा-प्रथिन कापतं आणि विषाणू तिथल्या तिथे आत उतरतो. दुसरा वळशाचा: पेशी विषाणूला एका पिशवीत गिळते आणि तिथली दुसरी विकरं कापण्याचं काम करतात.

माजिवड्याहून बोरिवलीला निघालात, तर घोडबंदर रोडने गायमुखवरून जाता येतं, नाहीतर पूर्व द्रुतगती मार्गाने जाऊन जेव्हीएलआरला वळता येतं. दोन गाड्यांत वेगवान कोणती, हे ठरवायचं तर शर्यत कोणत्या रस्त्यावर लावली ते सांगावंच लागेल. व्हेरोत टीएमपीआरएसएस२ जवळजवळ नसतं, म्हणजे घोडबंदर रोड बंद. माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगापासून बनवलेल्या कालू-३ पेशींत तो चालू असतो.

डेल्टा आणि ओमायक्रॉन

२०२१च्या सुरुवातीला विदर्भात जे बी.१.६१७ कुटुंब पसरत होतं, डेल्टा त्यातलाच. त्याच्या काटा-प्रथिनात पी६८१आर हा बदल होता. त्यामुळे ते प्रथिन पेशीतून बाहेर पडतानाच जास्त प्रमाणात कापलं जायचं, म्हणजे थेट रस्त्यासाठी तयार. माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशींत डेल्टा जोमाने वाढला, आणि शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून त्यांचे मोठे गोळे करण्यातही तो पुढे होता.

ओमायक्रॉनने बहुतांशी वळशाचा रस्ता धरला, त्यामुळे कालू-३मध्ये तो डेल्टाच्या मागे पडला. मग व्हेरोत तरी तो पुढे जावा ना? तसंही झालं नाही. एनआयव्हीत रुग्णांच्या नमुन्यांतून तो व्हेरो पेशींत वाढेना. शेवटी नमुने आधी सीरियन हॅमस्टरना द्यावे लागले आणि त्यांच्या नाकातून-फुप्फुसातून मिळालेला विषाणू मग व्हेरोत वाढला. आत शिरणं ही फक्त पहिली पायरी असते. प्रयोगशाळेत इतके नखरे करणारा हा विषाणू त्याच दिवसांत बाहेर घराघरांत पसरत होता!

याला आणखी एक पदर आहे. व्हेरोत पुन्हा पुन्हा वाढवला तर कोरोनाविषाणू स्वतःच बदलतो. काटा-प्रथिनातली आधीच कापली जाणारी जागा तिथे उपयोगाची नसते, म्हणून ती गमावलेले विषाणू काही फेऱ्यांत वरचढ होतात. त्यामुळे प्रयोगाआधी साठ्यातल्या विषाणूचा जनुकक्रम तपासावा लागतो. नाहीतर तुम्ही ज्याला डेल्टा समजून मोजताय, तो रुग्णातला डेल्टा राहिलेलाच नसतो.

मग ती दोन वाक्यं?

तो प्रयोग हाँगकाँग विद्यापीठातला. तिथे पेशींच्या बाटल्यांऐवजी शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींचे तुकडे वापरले. श्वासनलिकेच्या ऊतीत २४ तासांनी ओमायक्रॉन डेल्टाच्या सुमारे ७० पट होता. फुप्फुसाच्या ऊतीत मात्र तो मूळ विषाणूच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी वाढला. पसरण्याचा वेग आणि फुप्फुसावरचा तुलनेने कमी मारा, दोन्हींशी हे जुळतं. पण त्याच संशोधकांनी तेव्हाच बजावलं होतं की आजार किती गंभीर होईल, हे फक्त विषाणूच्या वाढीवर ठरत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती कशी वागते आणि एकूण किती लोकांना लागण होते, यावरही ते ठरतं.

दुर्दैवाने हे त्यांच्याच शहरात दिसलं. २०२२च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि हजारो माणसं दगावली. त्यात लस न घेतलेले वृद्ध मोठ्या संख्येने होते. फुप्फुसाच्या ऊतीचा आलेख चुकला नव्हता. पण त्या तुकड्यात ना ८० वर्षांचं वय होतं, ना मधुमेह, ना लशीने तयार झालेली प्रतिपिंडं.

म्हणून पुढचा व्हेरियंट येईल आणि 'प्रयोगशाळेत इतके पट' असा मेसेज फिरेल, तेव्हा तीन गोष्टी विचारा: कोणत्या पेशीत, कशाच्या तुलनेत आणि किती तासांनी? उत्तरं मिळाली, तरी तो आकडा पेशींबद्दल आहे हे लक्षात ठेवा. आजीचा डोस घ्यायचा की राहू द्यायचा, हे त्यावरून ठरवू नका.