भाडेकरूच्या संसाराला विम्याचे संरक्षण

बदलीच्या गावी भाड्याने राहणारे शिक्षक व शासकीय कर्मचारी, तसेच शहरात बिऱ्हाड थाटणारे कामगार यांपैकी अनेकांची अशी समजूत असते की, घर आपले नसल्याने घराच्या विम्याशी आपला संबंध नाही. ही समजूत चुकीची आहे. भिंती व छप्पर घरमालकाचे असले, तरी त्याखालील संसार भाडेकरूचा असतो. कपाट, फ्रीज, शिलाई यंत्र, संगणक, कपडे, भांडी हे सारे वर्षानुवर्षांच्या काटकसरीतून उभे राहिलेले असते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा जलमय झाल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण येथे पुराचे पाणी घराघरांत शिरले. पाणी मालक व भाडेकरू असा भेद करीत नाही. विमा मात्र करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य घरमालकाचे आहे. परंतु त्याने उतरविलेल्या इमारतीच्या विम्यातून भाडेकरूच्या सामानाची भरपाई होत नाही.

केवळ सामानाचा विमा

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांमार्फत उपलब्ध आहे. तीत इमारत वगळून केवळ घरातील सामानाचा विमा उतरविता येतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल इत्यादी आपत्तींचा तीत समावेश आहे. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते. भरपाई तशीच नवी वस्तू घेण्यास लागणाऱ्या खर्चावर आधारित असल्याने सामानाची किंमत चालू बाजारभावाने नोंदवावी.

मर्यादाही जाणून घेणे अगत्याचे आहे. अशा आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी या योजनेत येते. एरवीच्या घरफोडीसाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. दागिन्यांसाठी वेगळे संरक्षण मागावे लागते. रोख रक्कम, कागदपत्रे व वाहने यांचा समावेश नसतो.

घ्यावयाची काळजी

सामानाची यादी, छायाचित्रे व खरेदीच्या पावत्या यांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवाव्यात. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा. बदली झाल्यास नव्या पत्त्याची नोंद कंपनीकडे करून घ्यावी; विमा त्या विशिष्ट घरातील सामानाचा असतो. नुकसान होताच कंपनीस कळवावे. कंपनीने तक्रार फेटाळल्यास किंवा महिनाभरात उत्तर न दिल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभांत व शिक्षकांच्या बैठकांत ही माहिती दिली गेल्यास, नदीकाठच्या गावांतील भाडेकरू कुटुंबे आपत्तीपूर्वीच आपली तजवीज करू शकतील.