मॉनिटर घेताय? आधी अक्षरं वाचून बघा!

लॅपटॉपवर मान वाकवून रिपोर्ट टाइप करणारे आपण आणि दिवसभर मार्कांच्या याद्या भरणारे ऑफिसमधले कर्मचारी, दोघांचं दुखणं एकच: डोळे आणि मान. मोठा मॉनिटर घ्यावा म्हटलं तर बजेट कमी. मग नक्की पाहायचं काय?

फंडा एकच. ऑफिसचं काम म्हणजे मुख्यतः अक्षरं वाचणं. तेव्हा ज्यावर अक्षर रेखीव, तो मॉनिटर चांगला.

पहिली गोष्ट साइझ. मोठा तेवढा चांगला, हा गैरसमज आहे. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. २४ इंची स्क्रीनवर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर फक्त ८२. पिक्सेल तेवढेच, नुसते पसरलेले! इंग्रजी एकवेळ चालून जातं, पण मराठीतली 'ष्ट्र', 'द्ध' अशी जोडाक्षरं बारीक टाइपात गिचमिड दिसतात. म्हणून फुल एचडी घेताना २२ किंवा २४ इंच पुरे.

दुसरी गोष्ट पॅनेल. टीएन पॅनेल खालून किंवा बाजूने पाहिलं की रंग बदलतात. आयपीएसमध्ये हा त्रास फार कमी. एका टेबलावर तिघं मिळून प्रोजेक्ट करत असाल तर आयपीएसच बरं.

तिसरी गोष्ट फ्लिकर. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे वेगाने चालू-बंद करतात. ते डोळ्यांना कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुकानात ब्राइटनेस अगदी कमी करा आणि पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन भराभर हलवा. सलग धूसर पट्टा न दिसता सुटी सुटी पेनं दिसली, तर तो मॉनिटर नको.

१४४ हर्ट्झ, १ मिलिसेकंद हे आकडे गेमिंगवाल्यांसाठी. टायपिंगला ६० हर्ट्झ पुरतात. वाचलेले पैसे उंची बदलता येणाऱ्या स्टँडवर घाला. तेही जमत नसेल तर मॉनिटरखाली जाडजूड पुस्तकं ठेवा! स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली आली म्हणजे झालं.

आणि हो, दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपली एक मराठी फाइल न्या. रंगीत व्हिडिओ सगळ्याच मॉनिटरवर झकास दिसतो. तुम्ही म्हणा, "काका, जरा ही फाइल उघडा ना." दहा मिनिटं शांतपणे वाचा. निकाल तिथेच लागेल!